पोळ्याच्या करीला जन्मलेली लेक आणि एक जून

प्रति,
जिल्हाधिकारी साहेब, मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब,
आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या नोंदवह्या ज्यांच्या कपाटात आहेत ते सर्व ग्रामसेवक, मुख्याध्यापक, जन्म-मृत्यू विभागाचे लिपिक आणि विद्यापीठांचे परीक्षा विभाग यांना,

विषय : जन्माच्या व शाळेच्या नोंदीतल्या चुका गावातच दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

अर्जाचा नमुना मला पाठ आहे. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांना तोच शिकवला. पण हा अर्ज नाही. अर्ज खिडकीवर घेत नाहीत, म्हणून हे उघडं पत्र लिहितो आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका कार्यालयाच्या खिडकीवर कागद चिकटवलेला पाहिला : 'जन्मनोंदीतील नाव व दुरुस्तीचे अर्ज पुढील आदेश होईपर्यंत स्वीकारले जाणार नाहीत.' खाली सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. आदेश कोणाचा, तेही नाही. चौथीतल्या पोराने असा अर्ज लिहून आणला असता तर मी लाल शाईने गोल करून परत दिला असता. माझ्यापुढे रांगेत एक बाई होती, कडेवर लेकरू. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "गुरुजी, काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग परत कधी येऊ?" ह्याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं, आतल्या माणसाकडेही नव्हतं.

आता माझं स्वतःचं गाऱ्हाणं सांगतो. त्यात निम्मी चूक माझी आहे, तीही लपवत नाही.

माझी धाकटी लेक नर्स आहे. जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतली, सहा वर्षं दवाखान्यांत रात्रपाळ्या केल्या, नोकरी सांभाळून जर्मन भाषा शिकली, त्या भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास झाली. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने तिला पत्र दिलं. आमच्या घरात पेढे वाटून झाले आणि मग तिकडच्या कार्यालयाची यादी आली : पासपोर्ट, जन्माचा दाखला, दहावी-बारावी, नर्सिंगमध्ये कोणता विषय किती तास शिकवला आणि वॉर्डात किती तास काम केलं त्याचा तपशील, पोलिसांचा दाखला, आणि ह्या सगळ्याचं तिकडच्या शपथबद्ध अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर. मला वाटलं, नर्सिंगचे तास काढताना नाकी नऊ येतील. ते तीन आठवड्यांत मिळाले. अडलो जन्माच्या दाखल्यावर.

लेक जन्मली सप्टेंबर १९९९ मध्ये, पोळ्याच्या करीला, तिच्या आजोळी. नोंद सासऱ्यांनी दिली. रीतीप्रमाणे बारसं व्हायचं होतं, म्हणून 'बालकाचे नाव' हा रकाना कोरा राहिला. आईचं नाव म्हणून त्यांनी आपल्या लेकीचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात नाव बदलायची आमच्याकडे पद्धत. सासरचं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. आणि जावयाचं नाव त्यांनी सांगितलं 'दत्ता'. माझ्या सगळ्या कागदांवर 'दत्तात्रय' आहे. म्हणजे त्या ओळीत मुलीला नाव नाही, आई दुसरीच कोणी, बाप अर्धवट. बरोबर आहे ती फक्त तारीख.

आणि ती तारीख मी चुकवली. २००४ च्या जूनमध्ये लेक पावणेपाच वर्षांची होती. पहिलीला पाच पूर्ण लागत होती. दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं. मी लिहिलं : १ जून १९९९. मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळेचं जुनं रजिस्टर उघडा, एक जूनची ओळ एकाखाली एक दिसेल. आमच्या पिढीच्या गुरुजींनी अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी आणून ठेवला आहे. तेव्हा वाटायचं, लेकराचं एक वर्ष वाचलं. शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट, सगळे त्या एका जूनवर उभे राहिले. आता तिकडचा माणूस विचारतो : ही पोळ्याची बिननावी मुलगी आणि ही एक जूनची नर्स, दोन्ही एकच कशावरून?

त्याचं काही चुकत नाही. तो वही वाचतो आहे.

ह्या कामासाठी मी आजवर ११ खेटे घातले. आजोळची ग्रामपंचायत म्हणाली, तालुक्याला जा. तालुका म्हणाला, वही ग्रामपंचायतीची, त्यांनीच करायचं. शाळा म्हणाली, विद्यार्थिनी शाळा सोडून गेली, आता आमच्या हातात नाही. बोर्डाकडे जा म्हणाले, बोर्डाने शाळेकडे बोट दाखवलं. एका ठिकाणी एका सद्गृहस्थाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, कशाला एवढं? जन्माच्या वहीतलीच तारीख शाळेप्रमाणं करून घेऊ. दोन हजारात होतं." मी नाही म्हणालो. एकदा केलं ते पुरे झालं; त्या वेळी निदान पैसे घेतले नव्हते. पण मला रात्रभर एकच गोष्ट खात होती : नियमाने नाव भरायला तीन महिने लागतात आणि खोटी तारीख करायला एक दुपार.

आता ग्रामसेवक भाऊंना. तुमच्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत, म्हणून रागाने नाही, वर्गात सांगतो तसं सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्याचं कलम १४ बिननावी नोंदीत नंतर नाव भरण्यासाठी आहे. पहिल्या वर्षात फुकट, पुढे विलंब शुल्क भरून, मुदत १५ वर्षांची, आणि ती उलटून गेलेल्यांसाठी शासन वेळोवेळी वाढवून देत आलं आहे. कलम १५ चूक दुरुस्तीचं आहे. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहायची, खाली निबंधकाने सही आणि तारीख टाकायची. चूक नुसती लेखनाची नसेल तर माहीतगार अशा दोन विश्वासू माणसांचं निवेदन घ्यायचं. हे सगळं निबंधकाच्या हातात आहे, आणि गावात निबंधक तुम्हीच. 'दत्ता'चा 'दत्तात्रय' करायला मला तालुक्याला कशाला पाठवता?

ह्यावर मला उत्तर मिळालं की सध्या वातावरण कडक आहे. आहे, मी पेपर वाचतो. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले थांबवले गेले, मग मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली. खोटे दाखले निघू नयेत हे मला तुमच्याइतकंच मान्य आहे. पण वर्ष उलटल्यावर पहिल्यांदाच नोंद करणं वेगळं आणि जन्माच्याच आठवड्यात झालेल्या नोंदीत राहिलेलं नाव भरणं वेगळं. पहिल्याला वरिष्ठांचा आदेश लागतो, दुसऱ्याला तुमची सही पुरते. खिडकीवरच्या कागदाने दोन्हींची एकच मोळी बांधली. भीतीने काम थांबवणं सोपं असतं, हे मीही नोकरीत पाहिलं आहे. पण त्याची किंमत त्या कडेवर लेकरू घेतलेल्या बाईने का मोजावी?

ऊसतोडीच्या लेकरांचं तर विचारू नका. बीड, जालना, परभणीच्या कित्येक वाड्यांवरून दसरा-दिवाळी झाली की माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात. लेकरू कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, जन्मतं. कायदा म्हणतो, जन्म जिथे झाला तिथेच नोंद. टोळी तर पंधरा दिवसांत दुसऱ्या फडावर. नोंद राहते, आणि सहा वर्षांनी बाप पोराला माझ्यासमोर उभा करून म्हणतो, "लिहा गुरुजी तुमच्या हिशोबानं." त्या पोरांतली काही आज आखाती देशांत वेल्डर आहेत, एक मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिला उद्या 'नोंद आढळत नाही' असा दाखला तरी कोणत्या गावाकडे मागायचा? आई सांगते, "वाळव्याकडं होतो का शिरोळकडं, आठवत नाही."

ह्याशिवाय छोट्या वाटणाऱ्या पण माणूस रडकुंडीला आणणाऱ्या गोष्टी आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेत आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. पासपोर्टात आडनाव वेगळं, बाकी सगळं एकत्र. आणि इंग्रजी स्पेलिंग? ते बोर्डाचा फॉर्म भरताना वर्गशिक्षकाला त्या दुपारी जसं सुचलं तसं. माझ्या लेकीच्या नावात एका कागदावर शेवटी 'ए', एका कागदावर 'एएच'. त्या एका 'एच'साठी प्रतिज्ञापत्र झालं. ५०० चा मुद्रांक आणा म्हणाले. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून आहे, हे मी सांगितलं तर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी फुकटात गाडीत चढलो.

लग्न झालेल्या मुलींची गत आणखी वेगळी. नाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, आणि लग्नाची नोंद? पत्रिका छापली, मंडप उतरला, नोंद राहिली. १९९८ च्या कायद्याने ती ग्रामपंचायतीतच होते, पण लग्नाच्या खर्चाच्या यादीत ती कुणी धरत नाही. इथे दोष आपलाच, साहेबांचा नाही.

शेजारचा मुलगा इंजिनिअर, त्याला जर्मनीत पुढे शिकायचं आहे. नोव्हेंबर २०२२ पासून तिकडच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस नावाची कागदपडताळणी लागते, तिचं शुल्कच १८,००० रुपये. ते त्याच्या बापाने सोयाबीन विकून भरलं. पण विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र उतारा, यायला सेमिस्टर निघून गेलं. तीन वेळा चौकशीला गेला, तिन्ही वेळा 'संबंधित टेबलावरचे साहेब रजेवर' होते. एका टेबलाचं काम दुसऱ्याला येऊ नये अशी कोणती विद्या असते ती?

आणखी एक. आमच्या दोन जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. नावांवर मला इथे काही म्हणायचं नाही. पण जुन्या पासपोर्टात जन्मस्थळ 'औरंगाबाद' आणि नव्या दाखल्यावर 'छत्रपती संभाजीनगर', एकावर 'उस्मानाबाद' आणि दुसऱ्यावर 'धाराशिव' असलं की परक्या देशातला कारकून दोन वेगळी शहरं समजतो. प्रत्येक जण मग स्वतःच्या खर्चाने 'ही दोन्ही एकच' असं नोटरीकडून लिहून आणतो. शासनाच्या अधिसूचनेचा क्रमांक टाकून मराठी-इंग्रजीत एका पानाचं छापील पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात का मिळू नये? फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि मुंबई. परदेशासाठी कागद न्यायचा तर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानायचे असं ठरवलेल्या हेग करारातल्या देशांसाठी तो अपोस्टिल. भारत ह्या करारात २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांना तो चालत नाही, तिथे दूतावासाचा शिक्का निराळा. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिलचं शुल्क कागदामागे ५० रुपये. आमच्या गावाकडच्या माणसाला तो शिक्का कितीला पडतो? देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई, तिथे रांग, 'अमुक झेरॉक्स नाही', परत. दुसऱ्या खेपेला माणूस एजंट गाठतो. आमच्याकडे रस्त्याच्या कामाचे गुत्तेदार असतात तसे हे शिक्क्यांचे गुत्तेदार. माझ्याकडून एका कागदाचे साडेचार हजार घेतले. पुढे कळलं की भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, आणि लेकीच्या फाइलीत तो शिक्का कुणी मागितलाच नव्हता. कोणत्या देशाला कोणता शिक्का, एवढं सांगणारा एक माणूस आठ जिल्ह्यांत मला सापडला नाही. स्वतंत्र प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयही मराठवाड्यात नाही. मुंबई, पुणे, नागपूर, मध्ये आम्ही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० कुशल तरुण पाठवायचे. मला आनंद झाला, त्यासाठी भाषेचे वर्ग काढायची कल्पनाही चांगली. पण साहेब, त्या दहा हजारांतल्या प्रत्येकाची फाइल एखाद्या ग्रामपंचायतीच्या वहीतून निघते. त्या वहीत काय आहे, हे करार करताना कोणी उघडून पाहिलं का?

हे होणार नाही, मनुष्यबळ नाही, जुन्या वह्या वाचता येत नाहीत, असं मला सांगू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा ह्याच मराठवाड्यात काय झालं ते आम्ही सर्वांनी पाहिलं. निजामाच्या काळातल्या वह्या उघडल्या. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले, हैदराबादपर्यंत माणसं गेली. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, म्हणजे जुना गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरं, पानन् पान तपासलं आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. मी निवृत्त असूनही आमच्या शाळेची रजिस्टरं शोधून द्यायला गेलो होतो. पणजोबाची नोंद मोडीत सापडते, तर १९९९ ची, बॉलपेनने मराठीत लिहिलेली ओळ दुरुस्त का होत नाही?

तेव्हा माझ्या मागण्या लिहितो.

तो बिनसहीचा कागद काढा. अर्ज घ्या आणि पोच द्या. नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात अपील आहे, विनाकारण काम अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. मला कुणाला दंड करून घ्यायचा नाही, मला पोच पाहिजे.

महिन्यातून एक दिवस तालुक्याला दुरुस्ती शिबिर ठेवा. महाराजस्व अभियानात महसूलची टेबलं एका मांडवात बसतात, तशी ग्रामसेवक, मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी आणि नायब तहसीलदार एका मांडवात बसू द्या. माणसाने चार कार्यालयं फिरण्यापेक्षा चार टेबलं फिरावीत.

एक जूनवाल्यांसाठी रस्ता काढा. मूळ जन्मनोंद वेळेत झालेली आहे, दवाखान्याचा किंवा गावचा पुरावा आहे, अशांची शाळेची तारीख सुनावणी घेऊन दुरुस्त व्हावी, म्हणजे जन्माची वही खोटी करायला कुणी दोन हजार मागणार नाही. सुनावणीत ज्या गुरुजीने तारीख लिहिली त्याला बोलवा. मी येईन आणि माझ्या अक्षरासमोर उभा राहून सांगेन की हे मी लिहिलं.

मुख्याध्यापकांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं ना? तसं दहावीचा फॉर्म भरायच्या आधी नावांचं वाचन करा. आई-बापांना बोलवा, मराठी नाव वाचा, इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, जन्मतारीख वाचा, शेजारी जन्माचा दाखला ठेवा, सही किंवा अंगठा घ्या. चूक निघाली तर शाळेत असेपर्यंत दुरुस्त होते. एका वर्गाला फार तर एक दुपार लागेल. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. आता अंगणवाडीच्या वयात येणारी लेकरं ती हीच.

राज्याच्या साक्षांकनाचं एक टेबल विभागीय पातळीवर मराठवाड्यातच सुरू करण्याची शिफारस साहेबांनी शासनाकडे करावी, आणि तोवर कोणत्या देशाला काय लागतं त्याचा फलक प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात लावावा. विद्यापीठांनी ट्रान्सक्रिप्टची मुदत जाहीर करावी, आणि टेबलावरचे साहेब रजेवर असताना कोण देणार तेही लिहावं.

ऊसतोडीच्या लेकरांसाठी साखर कारखान्याच्या हद्दीत गाळपाच्या काळात फडावर जाऊन जन्मनोंद घेणारा माणूस हवा. हे आमच्या जिल्ह्याच्या हातात नाही, ह्याची जाणीव आहे. पण दोन जिल्ह्यांचे साहेब एकमेकांना पत्र लिहू शकतात.

लेकीच्या रुग्णालयाने तिला मुदत वाढवून दिली आहे. तिकडच्या बाईने पत्रात लिहिलं, 'तुमच्या गावच्या कार्यालयाला किती वेळ लागेल ते कृपया कळवा.' मी अजून उत्तर कळवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
गोदाकाठ, मराठवाडा

ता. क. : आजोळच्या वहीत माझ्या लेकीची ओळ पाहताना तेच पान वरपासून खालपर्यंत वाचलं, सवय जात नाही. त्या एका पानावर आणखी चौघींच्या नावाचा रकाना कोरा आहे. मी माझ्या अर्जात पान क्रमांक आणि चौघींचे अनुक्रमांक लिहून ठेवले आहेत. अर्ज घ्याल तेव्हा त्यांनाही निरोप धाडा.